'ती'ची 'मी' झाली तेव्हा

पत्र:

"मी आठ वर्षं मुलांना कथालेखन शिकवते. वर्गात चौदा ते सतरा वयाची बारा मुलं आहेत. मागच्या महिन्यात एका पालकांनी तक्रार केली. 'मुलं सगळं काळंकुट्टच का लिहितात? मरण, घरातली भांडणं, एकटेपणा. त्यांना चांगला शेवट करायला शिकवा.' मी त्यांना सांगितलं की संघर्षाशिवाय कथा उभी राहत नाही. तरी मनात किंतु आहेच. असे विषय बंद करावेत का? की उलट मुलांना मन मोकळं करून लिहा म्हणावं? मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि लेखनाची शिस्त सैल सोडली तर वर्गात नुसतं रडणंच व्हायचं, अशीही भीती वाटते. आधीच साध्या साध्या चुका होतात. वर्गातली सगळ्यात सफाईदार लिहिणारी मुलगी, वय पंधरा. तिने अख्खी कथा 'ती' धरून लिहिली आणि शेवटच्या पानावर तीन-चार वाक्यं एकदम 'मी' झाली, मग परत 'ती'. मी लाल वर्तुळ करून 'निवेदक सांभाळ' असा शेरा दिला. त्यानंतर दोन आठवडे तिने काही लिहूनच दिलेलं नाही. हे बारकावे मुलांच्या गळी कसे उतरवायचे, तेही सांगा."

ताई,

रांगेतली बाकीची पत्रं बाजूला ठेवून तुम्हाला आधी उत्तर लिहितेय, ते त्या पालकांच्या तक्रारीसाठी नाही. त्यांना तुम्ही दिलेलं उत्तर बरोबर होतं, तो विषय तिथेच संपला. मी अडकलेय पत्राच्या शेवटी, त्या लाल वर्तुळापाशी.

त्या तीन-चार वाक्यांत काय लिहिलं होतं, हे तुम्ही मला कळवलंच नाहीत. 'ती'ची 'मी' झाली एवढं कळवलंत. 'मी' काय करत होती, काय म्हणत होती, कुणाला म्हणत होती? दोनदा पत्र वाचलं, कुठे सापडलं नाही. मला वाटतं, तुमच्याही आता लक्षात नसेल. तुम्ही सर्वनाम तपासलंत.

आपल्या भाषेत हा घोटाळा असा सहज होत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. 'ती दाराशी बसून राहिली' याचं 'मी दाराशी बसून राहिले' व्हायला सर्वनामाबरोबर क्रियापदालाही वळावं लागतं. सर्वनाम गाळून नुसतं 'बसून राहिले' लिहिलं, तरी 'मी' दिसतेच. म्हणजे एखादं अक्षर चुकून पडलं असं झालेलं नाही. तीन-चार वाक्यं ती मुलगी सबंध 'मी' होऊन लिहीत होती, आणि मग कशाने तरी भानावर येऊन परत 'ती'मागे गेली. बाकी सगळी पानं जिने निवेदक नीट सांभाळला, तिला निवेदक म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही.

'ती' हा आडोसा असतो. पौगंडावस्थेतली मुलं कथेकडे ज्या कारणांनी ओढली जातात त्यातलं हे एक मोठं कारण आहे. जे 'मी' म्हणून बोलता येत नाही ते एखाद्या पात्राच्या अंगावर घालता येतं. ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले होते. स्वतःच्या ताणाबद्दल विचार करताना माणसाने 'मी' न म्हणता स्वतःचं नाव घेतलं, बाहेरून पाहावं तसं स्वतःकडे पाहिलं, तर तो ताण पेलणं त्याला सोपं जातं, असं त्यात दिसलं. तुमची विद्यार्थिनी पानामागून पान तेच करत होती, फक्त तिने पात्राला दुसरं नाव दिलं होतं. शेवटच्या पानावर ते अंतर राहिलं नाही. आणि तिथे तिला भेटला तो 'निवेदक सांभाळ' हा शेरा. तिच्या बाजूने वाचून बघा. माझी 'मी' कुणालातरी दिसली, आणि दिसल्यावर तिला परत आत ढकलायला सांगितलं. त्यानंतर कोण लिहून देईल?

तुम्ही जाणूनबुजून केलं नाहीत, ठाऊक आहे. पण त्यावर तुमचं सांत्वन करायला आज माझ्याकडे सवड नाही. दोन आठवडे गेलेत.

असंही असेल की काहीच नसेल. मुलं मरणाबद्दल लिहितात, कारण त्या वयात मरण पहिल्यांदा खरं वाटू लागतं. काळोखी कथा लिहिणारी बहुतेक मुलं आजारी नसतात, आणि कथेवरून कुणाचं निदान करू नये, या मताची मी आहे. पण इथे तीन गोष्टी एका जागी आल्या आहेत: सफाईदार हात, शेवटच्या पानावरचं 'मी', आणि त्यानंतरचं मौन. यातली एकच असती तर मी दुसऱ्या पत्राकडे वळले असते.

तुम्ही लिहिता, 'मी मानसोपचारतज्ज्ञ नाही.' ताई, हे वाक्य आता सोडून द्या. उपचार करायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. पण ते पान वाचलेलं मोठं माणूस बहुधा तुम्ही एकट्याच आहात. केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीतून मांडलं होतं, की आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे तुमच्या वर्गाच्या दारात पाऊल ठेवण्याआधीच. तज्ज्ञापर्यंत पोचायच्या आधी हे कुणाच्या तरी नजरेला पडावं लागतं, आणि आठ वर्षं मुलांच्या वह्या वाचणाऱ्या बाईच्या नजरेला ते सगळ्यात आधी पडतं.

तर एकच सांगते. आज तिला भेटा.

शनिवारच्या वर्गाची वाट बघू नका, वर्गात सगळ्यांदेखत तर मुळीच नको. घरी फोन करा. 'तिची कथा पुन्हा वाचली, तिच्याशी बोलायचंय,' एवढं पुरे आहे. निघण्याआधी ती वाक्यं तुमच्याकडे असतील तर पुन्हा वाचा, सर्वनाम सोडून. नसतील तर तिला वही आणायला सांगा आणि तिच्या शेजारी बसून वाचा. मग पहिली गोष्ट, त्या वर्तुळाबद्दल तिची माफी मागा. 'इथे मी चूक शोधत बसले, तू काय लिहिलंयस ते वाचलंच नाही.' त्यानंतर सरळ विचारा. 'ही "मी" तू आहेस का?' त्या ओळींत जगणं नकोसं झाल्याचा, नाहीसं होण्याचा सूर असेल, तर तेही आडवळणाने नको. 'तुला मरून जावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार मनात येतो का?' याच शब्दांत.

इथे तुमचा हात थबकेल. आपण विचारलं आणि तोच विचार तिच्या डोक्यात शिरला तर? ही भीती जवळपास प्रत्येक शिक्षकाला वाटते, आणि तिला आधार नाही. गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या दोन हजारांहून जास्त मुलांवर हेच तपासलं होतं. ज्यांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले त्यांचा त्रास न विचारलेल्यांपेक्षा वाढला नाही. आधीच खचलेल्या मुलांना तर विचारल्याने, झालाच तर, थोडा उतारच पडलेला दिसला.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. ती मागेल. 'तुला न विचारता गावभर करणार नाही, पण तुझ्या जिवाची काळजी वाटली तर मी एकटी ही गोष्ट सांभाळणार नाही,' असं म्हणा आणि तसंच वागा. उत्तर 'हो' आलं, किंवा 'हो'च्या जवळपासचं आलं, तर तिला एकटं सोडून उठायचं नाही. त्याच दिवशी, तिला सोबत घेऊन, घरातल्या एका भरवशाच्या माणसापर्यंत आणि मग समुपदेशकापर्यंत किंवा डॉक्टरांपर्यंत जायचं. धोका आत्ताचा वाटला तर थेट रुग्णालय, नाहीतर मदतवाहिनीला तिच्यासमोरच फोन. आणि त्रासाचं मूळ घरातच आहे असं तिने सांगितलं, तर घरी कळवायची घाई करू नका, बालसंरक्षणाचं काम करणाऱ्यांना आधी गाठा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देते. विषय बंद करू नका. पण 'मन मोकळं करून लिहा' अशी आज्ञाही देऊ नका. पेनबेकर आणि बील यांचा १९८६ चा प्रयोग नेहमी सांगितला जातो: विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत जखमी करणाऱ्या प्रसंगाबद्दल लिहिलं, आणि पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या साध्यासुध्या विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. लिहून उठल्याबरोबर त्या मुलांचं मन आधीपेक्षा खट्टूच झालेलं होतं. उकरून काढलेलं वर येतं आणि काही वेळ दुखतं. त्या वेळात जवळ कुणी असणार नसेल, तर आज्ञा देऊन उकरायला लावू नये. कथा ज्याला त्याला हवा तेवढाच आडोसा देते, तो मुलांकडे राहू द्या.

शिस्त आणि माया यांचं भांडण तुम्ही उगाच लावलंय. कथा शिकवणारा माणूस जे शिकवतो, तपशील बघा, पात्र एरवी करत नाही ते कधी करतं तिकडे लक्ष द्या, तेच त्या पानाला लावलं असतं तर वर्तुळ काढायच्या आधी तुम्ही थांबला असतात. यापुढे वहीवर पहिला शेरा वाचक म्हणून लिहा, वाचताना काय झालं तो. शिक्षिकेचा शेरा दुसरा. दोन्हीला जागा नसेल तर दुसरा राहू द्या. आणि पुढे कधीतरी, ती सावरलेली असेल, पुन्हा लिहायला बसलेली असेल, तेव्हा तिला सांगता येईल की निवेदक असा मधेच फुटू देणं हे जाणत्या लेखकांचंही साधन आहे, आणि तिच्या कथेतली सगळ्यात जिवंत जागा तीच होती. आज यातलं काही बोलू नका. आज कथेबद्दल बोललात तर ती सुटकेचा श्वास टाकेल आणि कथेबद्दलच बोलत राहील.

एक तयारी ठेवून जा. ती बहुतेक म्हणेल, 'काही नाही, चुकून झालं.' तेव्हा 'बरं' म्हणून उठू नका. थोडा वेळ गप्प बसून राहा. मग म्हणा, 'चुकून झालं असेल. तरी मी परवा पुन्हा विचारेन.' आणि परवा विचारा.