वाचकांचे प्रश्न : दंड पिळदार झाले, पण ताटाची भीती बसली

प्रश्न : मावशी, सलाम. मी 34 वर्षांची, अहिल्यानगरला असते, दोन मुलं आहेत. धाकट्याच्या वेळी वाढलेलं वजन उतरवायला म्हणून जिम लावली आणि वेट ट्रेनिंगची गोडीच लागली, आता 60 किलोचा डेडलिफ्ट मारते, म्हणजे तेवढं वजन जमिनीवरून उचलते. पण दंड भरलेत, रविवारी ब्लाउजची बाही रुतते, आणि महिला मंडळातल्या दोघीतिघी म्हणतात की पुरुषी दिसायला लागलीस. एकीने तर बायबलमधलं पौलाचं वचनच काढून दाखवलं की शारीरिक कसरतीचा फायदा थोडाच, आणि म्हणाली हा शरीराचा गर्व आहे. मलाही आतून वाटतं काहीतरी चुकतंय, कारण दिवसातून तीनदा वजन बघते, भाताला हात लावत नाही, प्रीतिभोजन असलं की उपासना संपल्या संपल्या पोरांना घेऊन घरी निघून येते. तीन महिने पाळी नाही आली, पण ती व्यायामाने असेल. जिम सोडू का?

उत्तर : सलाम बाळा. जिम सोडू नकोस. पण पाळीचं तू शेवटी एका ओळीत टाकलंयस ना, मी तिथूनच सुरू करणार, कारण सगळ्या पत्रात मला काळजी वाटली ती त्याच ओळीची. आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट कर, आणि ती निगेटिव्ह आली तरी याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, थायरॉइड वगैरे त्या बघतीलच. आणि त्यांना फक्त पाळीचं सांगू नकोस, किती व्यायाम करतेस आणि किती कमी खातेस तेही सांग. खर्च जास्त आणि पोटात कमी असं महिनोन्‌महिने चाललं की शरीर काटकसर करायला लागतं, पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन नावाचं बाईचं हार्मोन खाली येतं आणि मग हाडं झिजायला लागतात. म्हणजे बघ, वजन उचलल्याने हाडं बळकट होतात आणि तू त्याच हाडांचं खाणं तोडतेयस. जास्त व्यायामाने पाळी जाणारच असं धरून चालू नकोस, ती अंगाची हाक आहे.

भात, भाकरी सोडू नकोस, डेडलिफ्ट त्याच्यावरच उचलला जातो. साध्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं असं आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2020 ला सांगितलंय, वजन उचलणारीला त्याहून जास्त, आणि एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतं. तेव्हा अंडी, मटकी, डाळ, दही, मासे जे घरात चालतं ते पोटभर खा.

आता पुरुषी दिसण्याचं. पुरुषांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं हार्मोन बाईच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे नुसत्या डंबेलने कुणी बाई पुरुष होत नाही, दंड भरतो इतकंच. ब्लाउजच्या शिवणीत माया असते, ती उसवून घे. मेरी कोम आपल्यासारखीच ख्रिस्ती, जुळ्या मुलांनंतर परत रिंगणात उतरून 2008 ला जगज्जेती झाली, 2012 ला ऑलिम्पिकचं ब्राँझ आणलं, तिचे दंड बघून सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या, आणि आपल्या मंडळीतल्या पोरीचे दंड भरले की आपण बाही ओढायला सांगतो, हे मला पटत नाही.

आणि ते वचन. पौल तीमथ्याला लिहिताना कसरत भक्तीशेजारी ठेवून तोलतोय, कसरत करूच नको असं कुठे म्हणतोय? तोच करिंथकरांना धावणाऱ्याचा आणि मुष्टियोद्ध्याचा दाखला देतो. नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री आपण मदर्स डेला दरवर्षी वाचतो, तिथे तिच्या बळकट बाहूंचं कौतुक आहे, ती ओळ आपण भराभर वाचून पुढे जातो. रिबेका आठव. दहा उंटांना तिने पाणी पाजलं, आणि तहानलेला उंट एका वेळी शंभरेक लिटर पिऊ शकतो, म्हणजे झऱ्यावर उतरून घागर भरायची, वर यायचं, परत उतरायचं, किती वेळा केलं असेल त्या पोरीने! आणि लांब कशाला जायचं, दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली शेती करायच्या, माग चालवायच्या, छापखाना चालवायच्या. बाईचं बळ आपल्या मंडळीला नवं नाहीये गं.

आता त्या बाईने तुला गर्व झालाय म्हटलं, तर तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला त्यात गर्व कुठेच दिसला नाही, दिसली ती भीती. गर्व झालेली माणसं प्रीतिभोजनातून पळत नाहीत. तुला भात घाबरवतोय, काटा घाबरवतोय, आणि ही भीती तू देवापुढे पाप म्हणून कबूल करत बसलीस तर ती आणखी घट्ट होईल, हिला उपचार लागतो. वजनकाटा नवऱ्याला उचलून ठेवायला सांग. महिनाभरात खाण्याची भीती कमी झाली नाही तर समुपदेशकाकडे जा, तिथे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं अजिबात नाही. ट्रेनरलाही सांग की डॉक्टर हो म्हणेपर्यंत वजन वाढवायचं नाही.

येत्या प्रीतिभोजनाला थांब. पूर्ण ताट नाही जमलं तर थोडं वाढून घे, पण पोरांना शेजारी घेऊन पंगतीत बस. प्रभू सगळ्यांबरोबर बसून जेवायचा म्हणून त्यालाही लोकांनी खादाड म्हटलं होतं, तरी तो पंगतीतून उठला नाही.

प्रश्न : मी 61 वर्षांची, वसईची. सून म्हणते डंबेल उचला. या वयात शोभतं का?

उत्तर : शोभतं हो ताई, आणि पाळी गेल्यावर हाडं भराभर विरळ होतात तेव्हा तर गरजेचंच आहे. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि वयस्कर माणसांना तर तोल सांभाळायचे व्यायामही करायला सांगते. बीपी किंवा हाडांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, दहा वेळा, आणि पाण्याची एक लिटरची बाटली उचलून सुरुवात करा. सुनेला बरोबर घ्या, तिनेच विषय काढलाय.