पोकळ वाजणारी टाइल

भांडुपहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला, गुण 61 टक्के. वडिलांनी बँकेच्या परीक्षांचा क्लास ठरवलाय. पण कॉलेजने एका कारखान्यात अल्ट्रासोनिक तपासणी (ध्वनिलहरींनी वस्तूच्या आतले दोष शोधणं) दाखवायला नेल्यापासून पोरगा नाणं घेऊन घरभर टाइल्स वाजवत फिरतो, कुठली पोकळ ते सांगतो. आता म्हणे अशा तपासनिसाच्या दुसऱ्या पातळीचा, पंधरा दिवसांचा ‘लेव्हल टू’ कोर्स करायचाय. ‘मी तीस वर्षं फिटर म्हणून हात काळे केले, त्याने करू नयेत,’ हे वाक्य पत्रात तीनदा आहे.

नमस्कार.

61 टक्क्यांचं काही नाही. मला खटकलं ते तीनदा आलेलं वाक्य. काळे हात म्हणजे वाया गेलेला जन्म, हे मुलगा रोज ऐकतोय. त्याच हातांनी त्याची फी भरली ना? एक सांगा, बेअरिंग गेलंय का, हे तुम्ही कसं ओळखायचा? स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर आणि मूठ कानाशी. पोरगा नाण्याने तेच करतोय, आणि वर तुम्ही विचारता, हे खूळ आलं कुठून!

टाइलखाली हवा राहिली की आवाज बदलतो. विमानातही हाच प्रश्न येतो. बोइंग 787 विमानाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कॉम्पोझिटचा असतो. कार्बन फायबरचे थर रेझिनने चिकटवून, तापवून, दाबून एकजीव केलेले. त्यावर पाना पडला तर वरून ओरखडाही दिसणार नाही, आत मात्र थर सुटलेले असू शकतात. जेल लावून प्रोब टेकवला की काही मेगाहर्ट्झच्या लहरी आत शिरतात आणि पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परततात. मध्ये फट असेल तर तिच्यातली हवा लहरींना पुढे सरकूच देत नाही, प्रतिध्वनी वेळेआधी येतो. एक्स-रेमध्ये सगळं दिसतं असं आपण धरून चालतो, पण पृष्ठभागाला समांतर पसरलेली ही पातळ फट त्याच्या हातून सहसा निसटते.

आता चिरंजीवांचं. पंधरा दिवसांत कुणी लेव्हल टू होत नाही. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसएनटी-टीसी-1ए या अमेरिकी शिफारशींनुसार तपासनिसाला प्रमाणित करण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्या कंपनीची असते. वर्गातले तास, प्रत्यक्ष कामाचे तास, परीक्षा, दरवर्षी जवळच्या नजरेची तपासणी, हे सगळं बसलं की कंपनी सही करते. नोकरी बदलली की नवी कंपनी पुन्हा आपलं ठरवते. क्लासवाला देतो तो फक्त प्रशिक्षणाचा दाखला. ‘लेव्हल टू करा, गल्फची नोकरी पक्की’ म्हणणाऱ्याला विचारा, माझ्या कामाच्या तासांवर सही कोण करणार? उत्तर आलं नाही तर पैसे खिशातच ठेवा.

आधी पदवी नीट पुरी होऊ द्या. लहरींचा पेपर त्याने पाठ न करता समजून घ्यावा, पुढे सगळं त्यावरच चालतं. एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा आहेच. बँकेच्या पीओ परीक्षा तिशीपर्यंत देता येतात, त्या कुठे पळून जात नाहीत. क्लासची फी भरली नसेल तर भरू नका.

पुढचं पत्र मुलाला लिहू द्या. आणि ते स्क्रूड्रायव्हरचं त्याला कधी दाखवलंय का हो?