दिवा हिरवा आहे, म्हणजे फिल्टर चांगला आहे?
वाचकांचे प्रश्न : फ्रिजमधला पाण्याचा फिल्टर

नळाच्या पाण्याची लाइन जोडून दारातूनच थंड पाणी आणि बर्फ देणारे फ्रिज आता अनेक घरांत आले आहेत. त्यांच्या आतला फिल्टर कधी बदलायचा, याविषयी बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं.

फ्रिज घेऊन सव्वा वर्ष झालं. फिल्टरचा दिवा अजून हिरवाच आहे आणि पाण्याची चवही बिघडलेली नाही. तरी सहा महिन्यांनी बदलायलाच हवा का? (एक वाचक, ठाणे)

हवा. तो दिवा पाणी तपासत नाही, फक्त मोजदाद करतो. काही मॉडेलांत तो निव्वळ महिने मोजतो, तर काहींत डिस्पेन्सरमधून किती पाणी गेलं त्याचा हिशेब ठेवतो. फिल्टरात गाळ किती अडकला किंवा कार्बन किती उरला, हे त्याला कळायला मार्गच नाही. शिवाय बहुतेक पॅनलवर एक बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की मोजणी पुन्हा शून्यावर जाते. घरात कुणी बटणांशी खेळलं असेल, तर जुनाच फिल्टर नव्याच्या थाटात हिरवा दिवा मिरवत बसतो. म्हणून फिल्टर बसवताना त्याच्यावर मार्करने तारीख लिहा. ती तारीख कुणी चुकून रीसेट करू शकत नाही.

आता लिटरचा हिशेब. फ्रिजच्या फिल्टरांची क्षमता साधारण २०० ते ३०० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ ते ११३६ लिटर असते. नेमका आकडा फिल्टरच्या खोक्यावर असतो. चार माणसांच्या घरात पिण्याचं सगळं पाणी फ्रिजमधूनच घेतलं, तर दिवसाला आठ लिटर सहज लागतात. ७५७ लिटरचा फिल्टर या वेगाने जेमतेम ९५ दिवस पुरतो. सहा महिने सोडाच, तीन महिन्यांतच त्याची क्षमता संपते. याउलट दोघांचं घर असेल आणि रोज दोनच लिटर पाणी घेत असाल, तर हिशेबाने तोच फिल्टर वर्षभर जाईल. पण तिथे सहा महिन्यांची मर्यादा आधी लागू होते.

कमी वापरातही ही मर्यादा का? या फिल्टरात दाबून बसवलेला सक्रिय कार्बन असतो आणि क्लोरीन काढणं हे त्याचं मुख्य काम. पण पाण्यात जंतू वाढू न देणारं तेच क्लोरीन असतं. ते निघून गेल्यावर उरतो ओला, अंधारा, सच्छिद्र कार्बन आणि त्यात अडकलेला सेंद्रिय कचरा. जंतूंचा बुळबुळीत थर धरायला अशी जागा सोयीचीच. तुमचा फिल्टर सव्वा वर्षाचा झाला आहे, तेव्हा आता दिव्याकडे न बघता बदला.

टीडीएस मीटरने पाहिलं तर नळाचं पाणी ३४० आणि फ्रिजचंही ३४०. दुकानदार म्हणतो फिल्टर मेला. खरं आहे का? (एक वाचक, नाशिक)

नाही. हा फिल्टर नवा कोरा असतानाही आकडा तेवढाच आला असता. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, आणि कार्बन ते काढत नाही. त्यासाठी आरओचा पडदा लागतो. पाण्याचा जडपणाही या फिल्टरने कमी होत नाही. बर्फ वितळल्यावर तळाशी पांढरी पूड दिसली, तर ते हेच क्षार. त्याचा दोष फिल्टरला देऊ नका. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. तुमचं पाणी त्यात बसतं.

कार्बन संपला की नाही हे पाहायचं असेल तर ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून होणारी क्लोरीनची चाचणी, करा. ग्रामपंचायतीचा पाणीवाला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर नळाच्या टोकाला जी करतो, तीच. पिण्याच्या पाण्यातलं क्लोरीन तपासायचा छोटा संच मिळतो. एका नळीत फिल्टरच्या आधीचं, म्हणजे थेट नळाचं पाणी घ्या आणि दुसरीत फ्रिजचं. संचावर दिले असतील तेवढे थेंब दोन्हींत टाका. नळाचं पाणी पिवळं झालं आणि फ्रिजच्या पाण्याला रंग आलाच नाही, तर कार्बन काम करतो आहे. दोन्ही पिवळी झाली तर कार्बन संपला, फिल्टर बदला. दोन्हींना रंग आला नाही तर फिल्टरबद्दल काहीच कळलं नाही, पण मुळात नळालाच क्लोरीन येत नाही हे कळलं. ती जास्त गंभीर गोष्ट आहे, कारण मानकानुसार नळाच्या टोकाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असायला हवं. संचातलं रसायन विषारी असतं. तपासलेलं पाणी मोरीत ओता आणि हात धुवा.

डिस्पेन्सरची धार बारीक झाली. म्हणून नवा फिल्टर टाकला, तरी तशीच. आम्ही अकराव्या, शेवटच्या मजल्यावर राहतो. (एक वाचक, पिंपरी)

तुमच्या शेवटच्या वाक्यातच बहुधा उत्तर आहे. धार बारीक झाली की सगळे आधी फिल्टर बदलतात. त्यात पैसे जातात आणि पुष्कळदा दोष दुसरीकडेच निघतो.

मोजून पाहा. एक लिटरचं मापटं आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. या फिल्टरांचा नेहमीचा वेग मिनिटाला सुमारे १.९ लिटर असतो, म्हणजे लिटर भरायला अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर. आधी फिल्टर असताना वेळ घ्या, मग फिल्टर काढून पुन्हा घ्या. बऱ्याच मॉडेलांत फिल्टर काढला तरी पाणी आपोआप पुढे जातं. काहींत मात्र त्या जागी खोक्यातून आलेलं बायपासचं बूच लावावं लागतं, नाहीतर पाणी येतच नाही. ते बूच लोक पहिल्याच दिवशी थर्माकोलबरोबर टाकून देतात! फिल्टर असताना ५५ सेकंद आणि नसताना ३० लागले, तर फिल्टर तुंबला आहे. दोन्ही वेळा ५५ लागले, तर फिल्टर निर्दोष आहे.

मग अडचण दाबाची. फ्रिजला मॉडेलप्रमाणे किमान २० ते ३५ पीएसआय दाब लागतो. मॅन्युअलमध्ये आकडा असतो. गच्चीवरच्या टाकीतून दहा मीटर खाली पाणी आलं की साधारण १४ पीएसआय दाब मिळतो. ३० पीएसआय हवा असेल, तर टाकी तुमच्या नळापेक्षा २१ मीटर, म्हणजे सात मजले वर हवी. शेवटच्या मजल्याला मिळतात जेमतेम चार मीटर, म्हणजे सहा पीएसआय. याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तोच फ्रिज उत्तम चालेल. सोसायटीची लाइन प्रेशर पंपावर नसेल, तर फ्रिजच्या लाइनला छोटा बूस्टर पंप बसवणं हाच इलाज. पंप बसवताना वरची मर्यादाही पाहा, ती बहुधा १२० पीएसआय असते.

पंपाच्या खर्चात पडण्याआधी दोन फुकटच्या गोष्टी बघा. भिंतीवरचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे ना? आणि फ्रिज मागे ढकलताना पाव इंची पांढरी नळी चिमटली तर नाही ना? बर्फाचे तुकडे बारके किंवा पोकळ येत असतील, तर तीही पाणी कमी पोचत असल्याचीच खूण आहे. धार बारीक नसून पाणी अजिबातच येत नसेल आणि बर्फ मात्र पडत असेल, तर दारातली नळी गोठली असण्याची शक्यता जास्त. फ्रीजर उणे १८ अंशांपेक्षा थंड ठेवला असेल तर तो उणे १८ वर आणा.

आमच्याकडे बोअर आणि टँकरचं पाणी येतं. फ्रिजला फिल्टर आहे, तर वेगळा आरओ कशाला? आणि आरओ लावला तर फ्रिजचा फिल्टर ठेवायचा का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

फ्रिजचा फिल्टर आधीच निर्जंतुक केलेल्या पाण्यासाठी बनवलेला असतो. ज्या पाण्याची जंतूंच्या दृष्टीने खात्री नाही, ते आधी किंवा नंतर निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नका, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. काही फिल्टर सूक्ष्म परजीवींच्या कवचबंद पेशी (सिस्ट) अडवतात, पण जिवाणू आणि विषाणू नाहीत. तेव्हा बोअरचं किंवा टँकरचं पाणी थेट फ्रिजला जोडू नका.

आरओच्या पुढे फ्रिज जोडायचा असेल, तर घरगुती आरओच्या टाकीतून नुसत्या उतारावर येणाऱ्या पाण्याला दाब नसतो. मधे प्रेशर टाकी किंवा पंप लागतो. अशा जोडणीत फ्रिजचा फिल्टर दाब आणखी कमी करतो, म्हणून काही कंपन्यांची मॅन्युअलं तो काढूनच टाकायला सांगतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये तसं असेल तर बिनधास्त काढा आणि त्याचे पैसे आरओचे फिल्टर वेळेवर बदलण्यात घाला.

पालिकेचं पाणी असलेल्यांसाठीही एक सूचना. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, तेव्हा फ्रिजचा महागडा फिल्टर महिन्या-दोन महिन्यांत तुंबू शकतो. लाइनवर आधी पाच मायक्रॉनची गाळ अडवणारी पांढरी कँडल लावा. ती काही शे रुपयांत मिळते आणि तपकिरी झाली की डोळ्यांना दिसते.

इथे मूळ फिल्टर ५० डॉलरच्या घरात जातो. ऑनलाइन मिळणारा ‘कम्पॅटिबल’ दहा-पंधरा डॉलरचा. चालेल का? (एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी)

चालेलही, पण खोक्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा. एनएसएफ/एएनएसआय ४२ हे मानक चव, वास आणि क्लोरीनपुरतं आहे. ५३ हे शिसं आणि परजीवींच्या सिस्टसारख्या आरोग्याशी संबंधित गोष्टींसाठी आणि ४०१ औषधांच्या अंशांसारख्या नव्या घटकांसाठी. ‘४२ च्या दर्जाचे साहित्य वापरले’ असं मोघम लिहिलेलं असेल तर पूर्ण फिल्टर प्रमाणित आहे असं समजू नका. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर घालून ताडून पाहा. घर जुनं असेल आणि नळजोडणीत शिशाची शंका असेल, तर ५३ मध्ये शिशाचा स्पष्ट उल्लेख असलेलाच घ्या. तिथे पैसे वाचवू नका. काही अमेरिकन मॉडेलांत फिल्टरवर चिप असते आणि ती ओळखता आली नाही तर फ्रिज पाणीच देत नाही. तुमचं मॉडेल तसं आहे का, ते मागवण्याआधी पाहा.

नवा फिल्टर टाकल्यावर पाणी आधी काळपट, मग दुधासारखं आलं आणि नळी फुरफुरत राहिली. फिल्टर खराब निघाला का? (एक वाचिका, सांगली)

नाही, पाणी पुरेसं सोडलं नाही एवढंच. काळपटपणा म्हणजे कार्बनची बारीक पूड आणि दुधाळपणा म्हणजे हवेचे बुडबुडे. ग्लास ओट्यावर ठेवून बघा. तळापासून वर निवळत गेला तर ती हवा आहे.

पुढच्या वेळी असं करा. आधी बर्फाचं यंत्र बंद करा आणि फिल्टरखाली फडकं धरा, कारण जुन्यातून थोडं पाणी सांडतंच. फिरकीचा फिल्टर डावीकडे पाव वळसा फिरवला की सुटतो. तो काढल्यावर त्याची रबरी वायसर, म्हणजे ओ-रिंग, त्याच्यासोबतच निघाली ना ते बघा. ती आत चिकटून राहिली आणि नवी तिच्यावर बसली की हमखास गळती होते. नव्या फिल्टरची टोपी काढा आणि वायसर नुसत्या पाण्याने ओली करा. व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं. मग सरळ आत दाबून उजवीकडे खुणेपर्यंत फिरवा. आता पाच सेकंद पाणी सोडा, पाच सेकंद थांबा, असं धार सलग येईपर्यंत करा. त्यानंतर एकूण बारा लिटर, म्हणजे साधारण एक मोठी कळशी, पाणी काढा आणि ते झाडांना घाला. बर्फाचं यंत्र सुरू केल्यावर पहिल्या चोवीस तासांतला बर्फ टाकून द्या. शेवटी दिवा रीसेट करा. पुढचे एक-दोन दिवस डिस्पेन्सरमधून अधूनमधून थेंब पडले, तर ती आत उरलेली हवा आहे. आठवड्यानंतरही पडत राहिले, तर मात्र टेक्निशियनला बोलवा.

फिल्टर महाग आहे. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून पुन्हा वापरता येईल का? (एक वाचक, मडगाव)

येणार नाही. धुतल्याने फार तर बाहेरचा गाळ जाईल. भरलेली सूक्ष्म छिद्रं मोकळी होत नाहीत. कार्बन पुन्हा सक्रिय करायला भट्टीत ८०० अंशांच्या वरची वाफ लागते आणि त्या तापमानाला फिल्टरच्या प्लास्टिकचं काय होईल ते सांगायला नको. जुना फिल्टर फोडून आतला कार्बन तुळशीच्या कुंडीतही घालू नका, पाण्यातून जे काही गोळा झालं ते त्यात आहे. पाणी निथळू द्या आणि सुक्या कचऱ्यात टाका.

दोन महिने गावी होतो, फ्रिज चालूच होता. आल्यावर काय करावं? (एक वाचिका, डोंबिवली)

पाणी दोन महिने फिल्टरात तसंच उभं होतं. फिल्टर चार महिन्यांच्या पुढचा असेल तर बदलून टाका. नवा असेल तर कळशीभर पाणी सोडा, साठलेला बर्फ फेका आणि वास घेऊन पाहा. कुबट वास आला तर तोही बदला. पुढच्या वेळी निघताना अँगल कॉक आणि बर्फाचं यंत्र बंद करून जा.

आमच्या फ्रिजच्या दारात पाणी भरायची टाकी आहे, नळाची लाइन नाही. फिल्टर कुठे असतो? (एक वाचक, लातूर)

अशा बहुतेक फ्रिजमध्ये पाण्याचा फिल्टर नसतोच. आत वरच्या बाजूला जाळीमागे जी काळी चकती दिसते, ती हवेतला वास शोषण्यासाठी असते. टाकीत पिण्यायोग्य पाणीच भरा. आठवड्यातून एकदा टाकी काढून झाकण, रबर आणि डिस्पेन्सरचं तोंड ब्रशने घासा. गुलाबी बुळबुळीत थर आधी धरतो तो त्या तोंडाच्या आतल्या कडेला.