धर्मसंस्था भुकेच्या मुळाशी जातात का, की नुसत्या पंगती घालतात?

तुमचा प्रश्न असा आहे की मंदिरं, चर्च, मशिदी, गुरुद्वारे अन्नदान करतात ते दिसतं, पण माणूस मुळात उपाशी का राहतो, त्याला यांच्यापैकी कुणी हात घालतं का. मी जालना जिल्ह्यातला, अंबड तालुक्यातला. आमच्या भागापुरतं सांगायचं तर याचं उत्तर हापशापासून सुरू होतं.

गावोगावी दिसणाऱ्या इंडिया मार्क टू हापशाच्या घडणीत जालन्याचा मोठा वाटा आहे. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या इथल्या मिशनने दुष्काळी गावांत बोअर घ्यायचं काम हाती घेतलं. खाली काळा पाषाण, त्यातून पाणी लागलं तरी वरचा पंप टिकेना. तेव्हाचे बिडाचे पंप एका घरापुरते बनवलेले, आणि इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत घागरींची रांग. दांडा मोडला की पंप गेला. मिशनच्या लोकांनी खटपट करून पोलादी, कमी सांध्यांचा पंप तयार केला, तो जालना पंप. सोलापूरला त्यात आणखी सुधारणा झाली आणि सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्यातूनच मार्क टू आला. पुढे तो लाखांनी बसला.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. परदेशातून आलेल्या लाल मिलोचं, म्हणजे मदतीच्या लाल ज्वारीचं, नाव काढलं की म्हणायची, भाकरी थापताना हातातच फुटायची आणि पोरं रडत खायची. त्या मिलोने जीव वाचले, हे ती नाकारत नव्हती. पण पुढच्या वर्षी काय, याचं उत्तर मिलोत नव्हतं. ते हापशात थोडंफार होतं.

तरी हापसा कुणाच्या दारात बसतो, हा प्रश्न राहतोच. बीडच्या शिवेला लागून जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं 1970 मध्ये तिथे दवाखाना काढायला आलं. आजाराच्या मुळाशी भूक, घाण पाणी आणि जात आहे हे त्यांना लवकरच कळून चुकलं. त्यांनी बोअर दलित वस्तीत घ्यायचा आग्रह धरला, म्हणजे पाणी हवं असेल तर बाकीच्या गावाने तिथे यायचं. गावच्या आरोग्यसेविका म्हणून ज्यांना तयार केलं त्यांत कितीतरी दलित, न शिकलेल्या बाया होत्या. 1979 साली दोघांना मॅगसेसे मिळाला. मला मात्र त्या पुरस्काराहून बोअरची जागा निवडणं मोठं वाटतं.

आता आमच्या गावाचं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं ते 2016 साल. सप्ताहाची पट्टी जमली होती. काल्याच्या आदल्या रात्री महाराजांनी नाथांचं आख्यान लावलं, पैठणच्या तापल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं लेकरू नाथांनी कडेवर उचललं ते. ऐकताना बाया डोळे पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी बैठकीत ठरलं की औंदा बुंदी नको, साधी आमटी-भाकरी करू आणि उरल्या पैशात पाझर तलावातला गाळ काढू. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून दलित वस्तीतली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "गाळ तुमच्या रानात जाणार. आमाला रानच न्हाई, मग आमाला काय, धुरळा?"

कुणाला बोलता येईना. त्या तलावाचा गाळ म्हणजे मुरमाड रानाला सोनं, पण ज्याला रान आहे त्यालाच. वस्तीतली एकवीस घरं भूमिहीन होती, आणि पट्टी त्यांनीही दिली होती. पुढच्या दोन बैठका भांडणातच मोडल्या. मीही तेव्हा चुकीच्या बाजूने बोललो होतो, आधी काम होऊ द्या, वाटपाचं मग बघू, असं. शेवटी ठरलं ते असं की गाळ नेणाऱ्याने ट्रॅक्टरच्या खेपेमागे पन्नास रुपये द्यायचे आणि त्यातून वस्तीत बोअर घ्यायचा. हापसा वस्तीत बसला, देवळापुढे नाही. पहिला महिनाभर काही घरांतल्या बाया तिकडे फिरकल्या नाहीत. मे लागला तशा आल्या.

नांदेडच्या लंगरला मी कधीच कमी लेखणार नाही. कोण कुठला हे न विचारता शेजारी बसवून जेवू घालणं हेसुद्धा मुळावरच घाव घालणं आहे. पण पंगतीतून उठलेल्या माणसाच्या डोक्यावर कर्ज असेल, तर तो महिन्याभरात पुन्हा उपाशी असतो. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला एक कोयता म्हणतात. मजूर नेणारा मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, हल्ली लाखाच्या घरात, आणि ती फिटेपर्यंत त्यांनी सहा-सहा महिने पाचटाच्या खोपीत राहायचं. पोरांची शाळा तिथेच तुटते.

कर्जाचं हे मूळ धर्मग्रंथांना चांगलं ठाऊक आहे. बायबलच्या लेवीय पुस्तकात पन्नासावं वर्ष योबेलचं, त्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जायची, स्वतःला विकून घेतलेला माणूस सुटायचा. हेच धरून चर्चनी आणि इतर संघटनांनी गरीब देशांची कर्जं माफ करा अशी मोहीम काढली. 1998 मध्ये बर्मिंगहॅमला जी-8 ची बैठक होती, तेव्हा सुमारे 70 हजार लोक हातात हात घालून उभे राहिले. पुढे बऱ्याच देशांची बरीच कर्जं खरोखर माफ झाली. कुराणात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे.

हे आमच्या सप्ताह मंडळात मांडायला मला तीन वर्षं लागली. आता पट्टीतला चौथा हिस्सा बाजूला काढतो आणि ज्यांना ऊसतोडीला न जाता गावात थांबायचंय त्यांना बिनव्याजी देतो, म्हणजे मुकादमाकडे जावं लागू नये. रक्कम लहान आहे. गेल्या वर्षी चार कोयते गावात थांबले, त्यांची सहा पोरं शाळेत राहिली. बाकीचे सतरा दिवाळी झाली तसे ट्रकमध्ये बसून गेले.