पंगतीत कोण राहिलंय?

बाळा, जय ख्रिस्त.

तुझं पत्र वाचलं. चर्चच्या कमिटीच्या निवडणुका, हिशेबावरून हमरीतुमरी, पाळकांचं एकाच गटाकडे झुकणं. तुझा वैताग खरा आहे, त्यावर मी तुझी समजूत घालणार नाही. पण पहिल्या शतकातली मंडळी एकदिलाची होती, म्हणून चार कुटुंबं घेऊन तशीच शुद्ध मंडळी घरात सुरू करतो, हे वाचून राहवेना. बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ तू दुसऱ्या अध्यायापाशीच, त्या एकदिलाच्या वर्णनापाशी, मिटलंस का रे?

पाचव्यात हनन्या आणि सप्पीरा जमिनीच्या पैशांवरून खोटं बोलतात. सहाव्यात तर उघड तक्रार: ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं. तेही यरुशलेमेत, प्रेषितांच्या डोळ्यांदेखत! पुढे काय झालं ते नीट बघ. ‘कुरकुर सोडा, प्रार्थना करा’ असं कुणी सांगितलं नाही. मंडळीला सात जण निवडायला लावले: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्यांच्याच हाती वाटप दिलं. भांडण त्यांच्यातही होतं. पण पंगतीत कोण राहिलंय, हे बघायची त्यांना लाज वाटली नाही.

ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीतही तेच. रविवारची सुटी रोमन साम्राज्यात आली 321 साली, कॉन्स्टंटाइनच्या हुकमाने. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलं ते 55 च्या सुमारास. तेव्हा मंडळीच्या जेवणाला दास आणि मजूर कामावरून सुटल्यावरच येणार. तोवर ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा, ते जेवून मोकळे. एक उपाशी, दुसरा प्यालेला. हे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीचं जेवण, नव्हेच, असं पौल ठणकावतो. आणि शेवटी सांगतो काय? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. पंगतीत कोण राहिलंय ते बघा, याहून वेगळं काय आहे हे?

आमच्या मंडळीत नाताळच्या जेवणाला पहिली पंगत पाहुण्यांची आणि कमिटीची, असा रिवाज होता. मी तो मोडायला लावला. मांडव घालणारे, सकाळपासून चुलीपाशी बसलेल्या बाया, त्यांची पोरं आधी बसली. त्यावरून काही घरं दुसऱ्या चर्चला गेली. त्यात माझा बालमित्रही होता. तो रस्त्यात भेटला तरी मान वळवतो, ते अजून खुपतं. लोक म्हणतात, जेवणावरून मंडळी फोडली. मी फोडली नाही! अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या ख्रिस्ती भावांच्या, पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष सुनावलं. पंगत क्षुल्लक असती तर पौल पेत्राला आडवा गेला असता? आणि बाप्तिस्मा होऊन पिढ्या लोटल्या तरी सोयरीक जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारणारे आपण. आपल्याला तर हे पाठ हवं.

आता तुझी ती चार कुटुंबं. सगळी शिकलेली, नोकरदार, एका वयाची, एका सोसायटीत राहणारी. अशांत भांडण होईलच कशाला? कोण राहिलंय ते सांग. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या, ज्यांना तुझी नवी गाणी येत नाहीत. दारू सोडायला धडपडणारा तो रिक्षावाला. त्यांना वगळून जी शांतता मिळेल ती प्रेषितांच्या काळातली नव्हे, बाळा.

तू हुशार आहेस, मनाने निर्मळ आहेस, म्हणूनच इतकं टाकून बोलतो आहे. 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारच्या उपासनेनंतर सेवक प्रभुभोजनातला वाटा गैरहजर असलेल्यांकडे पोहोचवत. जमलेल्या अर्पणातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांची सोय होई. कोण आलं नाही, हे त्यांना ठाऊक असायचं.

येत्या रविवारी सेक्रेटरींकडून सभासदांची वही मागून घे. ईस्टरपासून कोण दिसलं नाही त्यांची नावं काढ आणि एकेकाच्या घरी जा. फोन करू नकोस, जा. मग ती यादी घेऊन माझ्याकडे ये. नव्या मंडळीचं त्यानंतर बोलू.