पीएचडीसाठी मुलाला घेऊन नेदरलँड्सला यावं का?

तुझा प्रश्न वाचला. आयएलएसमधून वकिली शिकलीस, पुण्यातच शिकवतेस, मानवी हक्क कायदा आणि नीतिशास्त्र यात डॉक्टरेट करायला नेदरलँड्सला यायचंय, मुलगा नऊ वर्षांचा. मीही हनुमान टेकडीखालच्या त्याच कॉलेजची, म्हणून अगं-तुगं करते. व्हिसा, शिष्यवृत्त्या, घरभाडं हे सगळं तुला साइटवर मिळेल, ते सोडून देते.

इथे पीएचडीला बहुतेक ॲडमिशन नसते, जागा निघते. साधारण चार वर्षांचा करार आणि पगार. उट्रेख्त, लायडन या विद्यापीठांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव आणि त्यातल्या प्रकल्पाला धरूनच अर्ज लिही.

जन्मदाखला मात्र आजच काढ. आपल्या पिढीतल्या पुष्कळांच्या जन्मनोंदीत बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘स्त्री’ आणि आईवडिलांची नावं. माझंही नव्हतं. आधी नाव घालून घे, मग इंग्रजी दाखला, मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का. त्यात माझ्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव. इथल्या खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, यातली तुम्ही कोणती? मग लग्नाचा दाखला, राजपत्र, सगळं अपोस्टिलसकट नव्याने. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं सहावं कलम म्हणतं की कायद्यापुढे व्यक्ती म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क प्रत्येकाला सर्वत्र आहे. त्यावर मी तेव्हा टिपणं काढत होते. तो राग अजून गेलेला नाही.

नीतिशास्त्राचा भाग पुस्तकी असेल असं समजू नकोस. माझा विषय पुण्यातल्या कचरावेचक बायकांचे श्रमहक्क. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, तिथून पुढे. विद्यापीठाच्या संशोधन-नीती समितीने मुलाखतींसाठी पानंच्या पानं लांब संमतीपत्र मंजूर केलं. कोथरूडमधल्या एका मावशींनी हात साडीला पुसून ते घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, “बोलते की मी. सही कशापायी?” ज्या बाईचा कागदाचा अनुभव फसवणुकीचा, तिच्यापुढे सहीचा कागद धरणं मला पटेना. रेकॉर्ड केलेली तोंडी संमती चालेल, एवढं मान्य करून घेण्यात महिने गेले. तुझ्या वेळापत्रकात हे धर.

आता मुलाचं. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसले. इथे साधारण बाराव्या वर्षी, प्राथमिक संपताना, शाळा ‘सल्ला’ देते, मुलाने पुढे कोणत्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जावं याचा. व्हीडब्ल्यूओ ही विद्यापीठाची वाट, हाव्हो त्याखालची, व्हीएमबीओ व्यवसायशिक्षणाची. माझी लेक तुझ्या मुलाच्याच वयाची असताना आली. गणितात वर्गाच्या पुढे, डच कच्चं. बाईंनी व्हीएमबीओ सांगितलं आणि वर म्हणाल्या, “तिथे ती सुखात राहील.” दहा मिनिटांत पोरीचं ठरवून टाकलं!

२००७ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने चेक प्रजासत्ताकातल्या रोमा मुलांचा निकाल दिला. चाचण्या घेऊन त्यांना मतिमंदांच्या शाळांत टाकलं जात होतं. न्यायालय म्हणालं, हा भेदभावच आहे, आणि पालकांनी संमती दिली होती म्हणून तो माफ होत नाही. माझ्या लेकीवर एवढा अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण तो निकाल मी वर्गात शिकवत होते आणि घरी सल्ल्याचा कागद पालकांच्या सहीसाठी पडला होता. मी सही केली नाही. फरक पडला नाही. लेक पुढे स्वतःच्या बळावर हाव्होला चढली, पण त्यात वर्षं गेली आणि ती आता वर्गात हात वर करत नाही.

२०२४ पासून नियम सुधारलाय: प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल सल्ल्यापेक्षा वरचा आला तर शाळेने सल्ला वर न्यायचा असतो, अपवाद करायचा तर कारण द्यावं लागतं. हे पाठ करून ठेव.

एकटेपणाचं विचारलंस. येतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, तेव्हा जास्त. निभतं.

आयर्लंडमधल्या गॅलवे आणि इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातही मानवी हक्कांची नावाजलेली केंद्रं आहेत. तिथे मुलाला इंग्रजीत शिकता येईल, पण पैशाची सोय बहुधा तुलाच शोधावी लागेल. इथे पगार आहे आणि भाषेची किंमत मूल मोजतं. मी तुझ्या जागी असते तर आधी गॅलवेला अर्ज केला असता. इथेच यायचं ठरलं तर मुलाला मागाहून आणू म्हणू नकोस, पहिल्या दिवसापासून सोबत आण आणि त्याचं डच पुण्यातच, या महिन्यात सुरू कर.