इमर्जन्सी फंड मोडून सेंट्रल एसी? आधी टनेज तपासा, सूट नंतर बघू

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. स्वतःचं चार खोल्यांचं घर, सगळ्यात वरचा मजला, राहणारे चौघं, त्यातले दोघं दिवसभर बाहेर. कॉन्ट्रॅक्टरने साडेआठ टनाचा डक्टवाला (म्हणजे छतातल्या हवेच्या नळ्यांतून सगळ्या खोल्यांना एकाच मशीनची गार हवा देणारा) सेंट्रल एसी सुचवलाय. रोख दिले तर ८ टक्के सूट, नाहीतर ३६ महिन्यांचा झिरो कॉस्ट ईएमआय. पाच वर्षांची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) आत्ताच भरली तर तिच्यावर १५ टक्के कमी. तुमचा बेत असा की इमर्जन्सी फंड मोडायचा आणि दोन्ही सवलती पदरात पाडून घ्यायच्या. आणि जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलंय की सहा-सात वर्षांनी घर बदलायचा विचार आहे. माझ्या दृष्टीने अख्ख्या मेलमधली तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची, तिच्याकडे येतोच.

आधी रोखीची सूट. ८ टक्के ऐकायला मोठे वाटतात, पण ईएमआयमध्ये तुम्ही पैसे तीन वर्षांत थोडे थोडे देणार असता, त्यामुळे ती सूट सोडणं म्हणजे वर्षाला साधारण साडेपाच टक्क्यांनी कर्ज घेतल्यासारखं होतं. वर २ टक्के प्रोसेसिंग फी लावली तर सातच्या आसपास जातं. म्हणजे झिरो कॉस्ट वगैरे काही नाही, व्याज आहेच, फक्त ते सवलतीत लपवलंय. पण तरी मी म्हणेन ईएमआयच घ्या! कारण इमर्जन्सी फंड मोडला आणि उद्या नोकरीत किंवा दवाखान्यात काही निघालं तर तुम्ही पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डावर जाणार, आणि तिथला दर याच्यापेक्षा खूपच वरचा असतो. फंड हात न लावता तसाच राहू द्या. घरातला गारवा ही इमर्जन्सी नाही, कितीही उकडत असलं तरी.

आता एएमसी. ही मात्र सरळ नको म्हणून सांगा. गणित बघा, वर्षाची फी २० धरली तर पाच वर्षांचे १००, त्यावर सूट जाऊन तुम्ही आज ८५ भरणार. पण तुम्हीच लिहिलंय की पहिल्या वर्षी कंपनीची वॉरंटी आहे आणि सर्व्हिसिंगही फुकट आहे, म्हणजे त्या वर्षाची एएमसी तुम्ही नाहीतरी घेतली नसतीत. मग राहिली चार वर्षं, त्यांचे ८०, आणि तेही दर वर्षी त्या त्या वेळी द्यायचे. ८० च्या सेवेला आज ८५ देऊन वर त्याला सूट म्हणायचं! शिवाय पाच वर्षांत तो कॉन्ट्रॅक्टर धंद्यात राहील का, राहिला तरी मे महिन्यात फोन उचलेल का, ही सगळी रिस्क तुमच्याकडे. वर्षाचं वर्षाला घ्या, काम पटलं तर पुढचं.

आणि घेताना कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे का ते विचारा. नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये फक्त येऊन धुऊन-पुसून जातात, पार्ट आणि गॅसचे पैसे वेगळे. कॉम्प्रेसरच्या लांबलचक वॉरंटीवर पण फार खूश होऊ नका, ती बरेचदा नुसत्या कॉम्प्रेसरची असते, तो बदलायची मजुरी, गॅस, वाहतूक, कधी पीसीबीसुद्धा (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) तिच्यात नसतात. अटींचा कागद मागून घ्या, आणि अधिकृत माणसाकडून सर्व्हिसिंग झाल्याची नोंद नसेल तर वॉरंटी रद्द होते का हेही त्यात शोधा.

पण खरं सांगू, हे सगळं दुय्यम आहे. तुम्ही सवलतींचे टक्के मोजताय आणि ज्या रकमेवर ते टक्के आहेत तीच बरोबर आहे का हे कोणी तपासलेलं नाही. साडेआठ टन हा आकडा आला कुठून? तुम्ही लिहिलंय की तो माणूस आला, खोल्यांचं क्षेत्रफळ घेतलं आणि सांगून गेला. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद (तेवढी वीज नाही लागत, साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी लागते, यात बरेच जण गोंधळतात). ती किती लागणार हे नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही. पश्चिमेची खिडकी किती मोठी, वर गच्ची तापते का, छताला इन्सुलेशन आहे का, घरात माणसं किती, हे सगळं धरून हीट लोड काढतात आणि तो कागदावर देतात. तुमचा वरचा मजला आहे, म्हणजे छताला इन्सुलेशन किंवा पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट केला तर टनेजच खाली येऊ शकतं, आणि तो खर्च एसीपुढे किरकोळ.

मोठी मशीन घेतली तर बरंच, असं काहींना वाटतं. तसं नसतं. गरजेपेक्षा मोठी मशीन खोली पटकन गार करून बंद होते, परत चालू, परत बंद, आणि हवेतला दमटपणा काढायला तिला वेळच मिळत नाही, मग गार पण चिकट असं काहीतरी होतं. त्या चालू-बंदमध्ये कॉम्प्रेसरही लवकर झिजतो. इन्व्हर्टरवाली मशीन (जिचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जोरात चालतो) हे थोडं सांभाळते पण तिचीही खाली यायची मर्यादा असते. म्हणजे जास्त पैसे देऊन वाईट गारवा आणि लवकर दुरुस्ती.

दुसरं, तुम्ही एका वेळी किती खोल्या वापरता? दोघं दिवसभर बाहेर, रात्री बेडरूम. साध्या डक्टच्या सिस्टिममध्ये झोनचे डॅम्पर (एकेका खोलीची हवा बंद करणाऱ्या झडपा) नसतील तर एक खोली गार करायला चारही गार कराव्या लागतात आणि रिकाम्या खोल्यांचं बिल दर महिन्याला येत राहतं. आणि मग ती शेवटची ओळ. डक्ट, फॉल्स सीलिंग, ग्रिल, यातलं काहीही तुम्ही नवीन घरी नेऊ शकत नाही, आणि घर विकताना त्याचे पूर्ण पैसे कोणी देत नाही. स्प्लिट काढून नेता येतात, एक बंद पडला तर बाकीचे चालू राहतात. सहा-सात वर्षांसाठी, तेही निम्मं घर वापरत असताना, मी तरी सेंट्रल घेणार नाही. दोन बेडरूम आणि हॉलला वेगवेगळे इन्व्हर्टर स्प्लिट, आणि उरलेला पैसा जिथल्या तिथे. दिसायला डक्ट छान दिसतं हे मान्य, त्यासाठी किती मोजायचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

तरीही सेंट्रलच हवा असेल तर कोटेशन परत मागा. डक्टच्या पुढे 'लमसम', म्हणजे सगळ्याची मिळून एकच रक्कम, असं लिहिलेलं चालणार नाही. शीटची जाडी, इन्सुलेशन, किती मीटर, ग्रिल किती, ड्रेन पाइपचा उतार, आणि फॉल्स सीलिंगमध्ये सर्व्हिसिंगसाठी झाकण. हे झाकण विसरतात हो, मग दर वेळी सीलिंग कापा आणि परत रंग मारा. डक्टची गळती तर कोणी बघतच नाही, सर्वसाधारण घरात २० ते ३० टक्के हवा डक्टमधून अशीच वाया जाते असं अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाचं म्हणणं आहे, म्हणून सांधे नीट सील करायचं काम कोटेशनमध्ये वेगळं लिहून घ्या. पाइप जोडल्यावर नायट्रोजनने प्रेशर टेस्ट आणि मग पंपाने व्हॅक्यूम, हे तुमच्यासमोर झालं पाहिजे. शेवटचे १० टक्के पैसे मशीन चालवून दाखवेपर्यंत देऊ नका. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक यायला हवा, साध्या थर्मामीटरने कळतं.

पुढचा खर्च फिल्टरपासून सुरू होतो. वापराच्या दिवसांत महिन्याला फिल्टर स्वतः धुवा, त्याला माणूस लागत नाही. वर्षातून एकदा कॉइल आणि ड्रेन साफ करून घ्या. आणि कोणी दर वर्षी 'गॅस कमी झालाय, भरावा लागेल' म्हणाला तर थांबवा, गॅस बंद सर्किटमध्ये फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे, ती शोधून बंद केल्याशिवाय भरलेला गॅस म्हणजे परत पुढच्या वर्षीचं बिल. यात लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात असं मला वाटतं.

मशीन साधारण १५ वर्षं धरली तर तिच्या किमतीचा १८० वा भाग दर महिन्याला वेगळ्या आरडीत टाका, म्हणजे वॉरंटीनंतर कॉम्प्रेसर गेला तर परत फंडाकडे बघायला नको. स्प्लिट घेतले तरी हेच.

हीट लोडचा कागद आणि आयटमवार कोटेशन आलं की पाठवा, स्प्लिटचंही एक सोबत मागवा. तोपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका, 'ऑफर या आठवड्यापुरतीच' असं तो म्हणणारच.